प्रश्न तुमचे : बाळंतपणाचा खर्च, एचएसए आणि एफएसए

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची या वेळची पत्रं एकाच विषयाभोवतीची आहेत. घरात पाळणा हलणार आहे, किंवा हलावा म्हणून उपचार सुरू आहेत, आणि पगारातून कर कापण्याआधी बाजूला काढलेला पैसा त्यासाठी कसा वापरायचा, हे विचारलं आहे. आधी दोन्ही खात्यांची थोडक्यात ओळख.

एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, हे कंपनीचं खातं. ओपन एन्रोलमेंटच्या वेळी (पुढच्या वर्षाचा विमा आणि खाती निवडण्याच्या मुदतीत) वर्षाचा आकडा ठरवायचा. २०२६ साठी तो जास्तीत जास्त ३,४०० डॉलर आहे. पैसे पगारातून वर्षभर थोडे थोडे कापले जातात, पण ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. न वापरलेले पैसे बहुतेक बुडतात. एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, मात्र तुमच्या स्वतःच्या नावावर असतं. नोकरी सुटली तरी ते तुमचंच राहतं आणि शिल्लक बुडत नाही. त्यात पैसे भरायचे तर विमा मोठ्या डिडक्टिबलचाच (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षात स्वतः भरायच्या रकमेचा) हवा: २०२६ मध्ये एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला किमान ३,४०० डॉलर. भरण्याची मर्यादा एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५०. मार्केटप्लेस या सरकारी विमा-बाजारावरचे ब्रॉन्झ (कमी हप्त्याचे, मोठ्या डिडक्टिबलचे) प्लॅनही २०२६ पासून एचएसएला चालतात.

दोन्ही खात्यांना एक नियम सारखाच लागू आहे: खर्चाची तारीख म्हणजे उपचार झाला ती तारीख. बिल कधी आलं आणि पैसे कधी भरले, याला महत्त्व नाही. खालच्या निम्म्या अडचणी इथूनच निघाल्या आहेत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): डॉक्टरांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. त्यांच्या ऑफिसने आमच्या वाट्याचे २,४०० डॉलर अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत हप्त्यांनी मागितले. आम्ही ते एफएसएच्या कार्डाने भरले. आता एफएसए सांभाळणारी कंपनी म्हणते, सेवा अजून मिळालेली नाही, पैसे परत करा. पैसे तर खरोखर गेले आहेत. मग चूक कोणाची?

उत्तर: नियमाने एफएसए कंपनीचं बरोबर आहे, आणि डॉक्टरांच्या ऑफिसनेही काही वावगं केलेलं नाही. प्रसूतीचं बिल अमेरिकेत बहुधा एकगठ्ठा होतं. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट हे सगळं मिळून एकच कोड लागतो, नैसर्गिक प्रसूतीला ५९४०० आणि सिझेरियनला ५९५१०. तो विम्याकडे जातो प्रसूतीच्या तारखेने. म्हणून सप्टेंबरात भरलेला हप्ता म्हणजे ॲडव्हान्स, आणि ॲडव्हान्सची भरपाई एफएसएला करता येत नाही. दातांच्या तारा हा यातला अपवाद, बाळंतपण नाही.

पैसे खिशातून परत भरण्याआधी बदली पावत्या देता येतात का ते विचारा. बहुतेक कंपन्या स्वीकारतात. एकगठ्ठा कोडच्या बाहेरचं बरंच काही २०२६ मध्येच झालेलं असतं: सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, क्रोमोसोमची एनआयपीटी चाचणी, ग्लुकोज टेस्ट, जोखमीच्या गरोदरपणासाठी दाखवलेले तज्ज्ञ. या प्रत्येकाचं बिल स्वतंत्र असतं आणि त्यावर स्वतःची तारीख असते. यातली जी बिलं तुम्ही दुसऱ्या कार्डाने किंवा चेकने भरली असतील, ती विमा कंपनीच्या ईओबीसकट (विम्याने किती दिले आणि तुमचा वाटा किती, हे सांगणाऱ्या पत्रकासकट) पाठवा. त्या २,४०० पैकी तेवढी रक्कम त्यातून वळती होईल. घरातल्या दोघांचे यंदाचे चष्मे आणि दातांची कामंही यात धरा.

त्यानंतर डॉक्टरांच्या ऑफिसकडून तारीखवार हिशेब मागा: कोणत्या तारखेला तपासणी झाली आणि तिच्या वाट्याला किती रक्कम येते. काही एफएसए कंपन्या अशी विभागणी मान्य करून गरोदरपणातल्या भेटींचा भाग यंदाच्या खात्यातून देतात, काही देत नाहीत. हे फोनवर विचारू नका. त्यांच्या पोर्टलवर मेसेज टाकून लेखी उत्तर घ्या.

तुमच्या प्लॅनच्या कागदात तीन शब्द शोधा. ‘ग्रेस पीरियड’ असेल तर १५ मार्चपर्यंत झालेला खर्चही जुन्या वर्षाच्या पैशांतून देता येतो, म्हणजे जानेवारीतली प्रसूती त्यात बसते. ‘कॅरीओव्हर’ असेल तर २०२६ मधले जास्तीत जास्त ६८० डॉलर पुढच्या वर्षात जातात. एका प्लॅनला या दोन्हींपैकी एकच सवलत ठेवता येते, आणि काहींत एकही नसते. तिसरा शब्द ‘रन-आउट’. लोक सर्वांत जास्त यालाच फसतात. रन-आउट ही फक्त कागद पाठवण्याची मुदत आहे, खर्च करण्याची नव्हे. रन-आउट ३१ मार्चपर्यंत असला आणि ग्रेस पीरियड नसला, तर १२ जानेवारीची प्रसूती जुन्या पैशांत येणारच नाही.

पुढच्या वर्षाचा एफएसएचा आकडा ओपन एन्रोलमेंटमध्ये पूर्ण मर्यादेपर्यंत लावा, असंच आम्ही सांगू. १ जानेवारीला डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून मोजलं जातं आणि तुमचं हॉस्पिटलचं मोठं बिल नेमकं त्याच महिन्यातलं. एक पगारही कापला गेलेला नसताना पूर्ण रक्कम हाताशी असते.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): माझ्या कंपनीत एचएसए आहे आणि आम्ही दोघंही माझ्याच फॅमिली विम्यावर आहोत. बाळ येणार म्हणून पत्नीने तिच्या कंपनीत एफएसएही घेतलं. दोन खाती असली की जास्त बचत, असा आमचा हिशेब होता.

उत्तर: हा हिशेब उलटा पडला आहे. पत्नीच्या साध्या एफएसएमधून तुमचे औषधोपचारही भरता येतात, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तुमच्यावर दुसरं आरोग्य-कवच आहे. ज्या महिन्यांत ते एफएसए चालू आहे, त्या महिन्यांसाठी एचएसएमध्ये पैसे भरण्याचा हक्क तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही. तुमच्यासाठी त्यातून एक डॉलरही काढला नसला तरी फरक पडत नाही. एचएसएमध्ये आधीपासून असलेले पैसे मात्र बिनधास्त खर्च करा. बंदी भरण्यावर आहे, वापरण्यावर नाही.

यंदाची पगारकपात आजच थांबवा. एचएसएच्या रकमेत वर्षाच्या मध्येही बदल करता येतो, एफएसएसारखं ते वर्षभर गोठलेलं नसतं. भरली गेलेली रक्कम आणि तिच्यावरची कमाई टॅक्स रिटर्नच्या मुदतीआधी बाहेर काढा. त्यासाठी एचएसएच्या बँकेत जादा रक्कम काढण्याचा वेगळा फॉर्म असतो. तोच भरा, साधा विड्रॉवल करू नका. रक्कम आत राहिली तर दर वर्षी ६ टक्के दंड लागत राहतो.

पुढच्या वर्षी एचएसए चालू ठेवायचं असेल, तर पत्नीला फक्त दात आणि डोळ्यांपुरतं असलेलं ‘लिमिटेड पर्पज’ एफएसए मिळतं का ते विचारा. तिच्या साध्या एफएसएमधला एक डॉलर जरी कॅरीओव्हर होऊन पुढे गेला, तरी पुढचं पूर्ण वर्ष हातचं जातं. ग्रेस पीरियडचा प्लॅन असेल तर ३१ डिसेंबरला शिल्लक शून्यावर आणा, नाहीतर १ एप्रिलपर्यंत थांबावं लागेल.

आता उलट बाजूही पाहा. पती-पत्नी दोघांनी आपापल्या कंपनीत ३,४०० चं एफएसए घेतलं तर मिळून ६,८०० होतात. फेडरल कराचा दर २२ टक्के आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरले, तर त्यावर सुमारे २,०१६ डॉलर वाचतात. एचएसएमध्ये ८,७५० पगारातून गेले तर सुमारे २,५९४ वाचतात. पण कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन्ही राज्यं एचएसए मानतच नाहीत. तिथे भरलेल्या रकमेवर राज्याचा कर बसतो आणि खात्यातल्या व्याज-लाभांशावरही दर वर्षी बसतो. ज्या वर्षी प्रसूती नक्की आहे, त्या वर्षी कमी डिडक्टिबलचा विमा आणि दोन एफएसए हा मार्ग कॅलिफोर्नियातल्या जोडप्याला अनेकदा स्वस्त पडतो. दोन्ही प्लॅनचा वर्षाचा हप्ता आणि वर्षात खिशातून द्यावी लागणारी कमाल रक्कम कागदावर मांडून बेरीज करा. प्रसूतीच्या वर्षी तुम्ही त्या कमाल रकमेच्या जवळ जाणारच, असं धरून चाला.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सास): मी एकटीच्या मोठ्या डिडक्टिबलच्या विम्यावर आहे. बाळ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येईल. ते माझ्या विम्यावर आलं की एचएसएमध्ये किती भरता येईल?

उत्तर: एचएसएची मोजणी महिन्याच्या पहिल्या तारखेला असलेल्या विम्यावर होते. बाळ २० सप्टेंबरला जन्मलं तर सप्टेंबर तुमचा ‘एकटी’ म्हणूनच मोजला जाईल आणि ऑक्टोबरपासून कुटुंब. ४,४०० चे नऊ महिने म्हणजे ३,३०० आणि ८,७५० चे तीन महिने म्हणजे २,१८७.५०. एकूण ५,४८७.५० डॉलर.

याशिवाय ‘शेवटच्या महिन्याचा नियम’ आहे. १ डिसेंबरला तुम्ही कुटुंबाच्या पात्र विम्यावर असाल तर पूर्ण ८,७५० भरता येतात. अट अशी की पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तुम्ही एचएसएला पात्र राहायला हवं. मध्येच नवऱ्याच्या साध्या विम्यावर गेलात, तर जादा भरलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि वर १० टक्के कर लागतो. पुढच्या वर्षी नोकरी बदलण्याचा विचार असेल तर या नियमाच्या वाटेला जाऊ नका.

विम्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पैसे तिथेच जास्त अडकतात. पहिली गोष्ट मुदतीची. कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव घालायला जन्मापासून निदान ३० दिवस मिळतात आणि अनेक कंपन्या तेवढेच देतात. मार्केटप्लेसला ६० दिवस मिळतात. वेळेत नाव घातलं तर कव्हर जन्मदिवसापासून लागू होतं. सोशल सिक्युरिटी नंबरची वाट पाहत बसू नका. तो नंतर देता येतो, ३० दिवस मात्र परत मिळत नाहीत. गरोदर आहे म्हणून मध्येच विमा किंवा एफएसए बदलता येत नाही. ती मुभा जन्मानंतरच मिळते.

दुसरी गोष्ट डिडक्टिबलची. एकटीचं १,७०० चं डिडक्टिबल तुम्ही ऑगस्टपर्यंत भरून मोकळ्या झाला असाल. बाळाचं नाव जन्मदिवसापासून लागलं की अनेक प्लॅनमध्ये त्याच दिवसापासून कुटुंबाचं डिडक्टिबल लागू होतं, आणि एचएसएच्या प्लॅनमध्ये ते ३,४०० च्या खाली असूच शकत नाही. म्हणजे भरून झालेलं डिडक्टिबल ऐन प्रसूतीच्या दिवशी पुन्हा अपुरं ठरू शकतं. एचआरला आत्ताच विचारून ठेवा: ‘जन्मदिवशीचं हॉस्पिटलचं बिल कोणत्या डिडक्टिबलमध्ये धरणार?’ बाळाचा बाप दुसऱ्या कंपनीत असेल तर बाळ त्याच्या विम्यावर टाकून पाहा. त्याचं डिडक्टिबल वेगळं असलं तरी तुमचं हलत नाही.

प्रश्न (शिकागो): पुण्याहून आई येणार आहे. बाळंतिणीच्या मालिशला बाई ठेवायची आहे, डिंक-अळिवाचा खर्च आहे, डूला (प्रसूतीत सोबत राहून आधार देणारी मदतनीस) आहे, नाळेचं रक्त साठवायचं आहे. यातलं एचएसएमध्ये काय बसतं?

उत्तर: आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) पब्लिकेशन ५०२ ची कसोटी एकच आहे: खर्च आजाराच्या निदानावर, उपचारावर किंवा प्रतिबंधावर, किंवा शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करणाऱ्या वैद्यकीय गोष्टीवर झाला पाहिजे. ‘तब्येतीला बरं’ एवढं कारण पुरत नाही.

त्यामुळे डिंकाचे लाडू, अळीव, शतावरी कल्प हे सगळं अन्न किंवा पूरक आहार म्हणून बाहेर राहतं. मालिशवाली बाहेर. घरकामाला मदतनीसही बाहेर, अगदी डॉक्टरांनी लिहून दिली तरी. निरोगी बाळाला सांभाळायला रात्रीची नर्स ठेवली, तर तिचा पगारही बसत नाही, ती नोंदणीकृत नर्स असली तरी. गरोदरपणातले कपडे, डायपर, पावडरचं दूध हेही नाही. गर्भारपणात दिलेल्या प्रीनेटल व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जवळपास सगळ्या कंपन्या मान्य करतात. ओव्ह्युलेशनच्या आणि गरोदरपणाच्या घरगुती चाचण्या, थर्मामीटर, सुईणीची फी, स्तनपानाच्या सल्लागाराची फी, ब्रेस्ट पंप आणि त्याचे सुटे भाग, हे सगळं बसतं. दूध साठवायच्या जादा बाटल्या बसत नाहीत.

पंप स्वतःच्या पैशांनी घेण्याआधी विमा कंपनीला फोन करा. ओबामा केअरच्या कायद्याने बहुतेक विम्यांना ब्रेस्ट पंप फुकट द्यावा लागतो. तो प्लॅनने ठरवलेल्या दुकानदाराकडूनच घ्यावा लागतो आणि कधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ३० व्या आठवड्याच्या सुमाराला हे काम उरकून टाका. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर एचएसएचे पैसे घालवणारी जोडपी फार आहेत, आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं.

डूलासाठी डॉक्टरांचं ‘लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी’ घ्या. त्यात निदान, डूला का हवी आणि किती काळ, हे तीनही हवं, आणि पत्राची तारीख डूलाच्या पहिल्या भेटीच्या आधीची हवी. ‘रुग्णाच्या सोयीसाठी’ असं लिहिलेलं पत्र परत येतं. प्रसूतीपूर्व वर्गाच्या फीमधला आईचा वाटा चालतो, सोबत बसणाऱ्या नवऱ्याचा नाही. फी दोघांची मिळून असेल तर पावतीवर फोड मागून घ्या.

नाळेचं रक्त ‘पुढेमागे लागलंच तर’ म्हणून साठवलं तर तो खर्च बसत नाही. कुटुंबात कोणाला सध्या आजार असेल आणि त्याच्या उपचारासाठी ते लागणार असेल, तरच बसतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर ‘एचएसए चालतं’ असं छापलेलं असलं तरी जबाबदारी तुमचीच. चुकीच्या खर्चावर नेहमीचा आयकर लागतो आणि वर २० टक्के दंड.

आईचा खर्चही नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेली आई सहसा अमेरिकेची टॅक्स रेसिडेंट (करासाठीची रहिवासी) नसल्याने तुमची डिपेंडंट (करासाठी तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) धरली जात नाही. तिची बीपीची औषधं, तिच्या प्रवासी विम्याचा हप्ता, सगळं खिशातूनच.

प्रश्न (सिअॅटल): इथे आयव्हीएफचा खर्च विम्यात नाही, म्हणून पुण्यात करणार आहोत. एचएसए भारतात चालतं का?

उत्तर: चालतं. उपचार कुठल्या देशात झाला यावर पात्रता अवलंबून नाही. मूल होण्यातली अडचण दूर करण्यासाठी तुमच्यावर किंवा जोडीदारावर झालेले उपचार बसतात: तपासण्या, अंडी काढणं, प्रयोगशाळेचा खर्च, गर्भ आत सोडणं, बीज काही काळ गोठवून ठेवणं. नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रियाही बसते. दुसऱ्या बाईने आपलं मूल पोटात वाढवायचं, म्हणजे सरोगसी, तर तिचा शोध, तिचा मोबदला, तिचे वैद्यकीय खर्च यांतलं काहीच बसत नाही, कारण ती तुमची पत्नी किंवा डिपेंडंट नव्हे. भारतात तर २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसीला बंदीच आहे.

औषधांचं गणित नीट समजून घ्या. पुण्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं पुण्यातच घेतली तर खर्च चालतो. अट एवढीच की ते औषध दोन्ही देशांत कायदेशीर असावं. तीच इंजेक्शनं बर्फाच्या पिशवीत घालून सिअॅटलला आणली आणि इथे टोचली, तर सर्वसाधारणपणे चालत नाही. म्हणून इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स तिथेच होईल अशा बेताने रजा काढा.

विमानाचं तिकीट प्रवास मुख्यतः उपचारासाठी असेल तरच बसतं. दिवाळीला घरी जाणं ठरलेलंच होतं आणि त्यात उपचार बसवले, तर ते धरू नका. मुक्कामाचे जास्तीत जास्त ५० डॉलर माणशी रोज, तेही हॉटेलात राहिलात तर. सासरी राहिलात तर धरायला काही उरतच नाही.

भारतातल्या बिलांवर ‘आयव्हीएफ पॅकेज’ एवढीच एक ओळ असते. ती पुरत नाही. डिस्चार्जच्या आधीच फोड मागा: रुग्णाचं नाव, प्रत्येक उपचाराची तारीख, तपशील, रक्कम, हॉस्पिटलचा शिक्का. ॲडव्हान्सच्या पावत्या वेगळ्या ठेवा, पण हिशेब अंतिम बिलावरच करा, नाहीतर एकच रक्कम दोनदा काढली जाते. भरल्या दिवशीचा रुपया-डॉलर दर प्रत्येक पावतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. एचएसएमधून काढताना बँक पावत्या मागत नाही. त्या मागेल आयआरएस, तीन वर्षांनी. उष्णतेने उमटणारी शाई तोवर उडून जाते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

आणखी एक. एचएसए उघडलं त्या दिवसाआधीचा खर्च कधीच बसत नाही. विमा १ जानेवारीला सुरू झाला, पण खात्यात पहिली रक्कम १० फेब्रुवारीला पडली, तर बहुतेक राज्यांत जानेवारीतली तपासणी बाहेर राहते. आजच थोडी रक्कम भरून खातं चालू करा. त्यानंतरचा खर्च खिशातून केलात तरी पावती जपून ठेवा आणि पैसे कितीही वर्षांनी काढा. त्याला मुदत नाही.

प्रश्न (जर्सी सिटी): मी एच-वन-बीवर आहे. पत्नी बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी गेली आहे. तिथलं बिल माझ्या एचएसएमधून भरता येईल?

उत्तर: पत्नीचं हो. ती तुमच्या विम्यावर नसली, अमेरिकेत नसली, तिला सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी ती तुमची पत्नी आहे, एवढं पुरतं. बाळाचं मात्र वेगळं. एच-वन-बीवरच्या वडिलांचं भारतात जन्मलेलं मूल अमेरिकेचं नागरिक नसतं, आणि ते त्या वर्षात इथलं टॅक्स रेसिडेंट झालं नाही तर तुमचं डिपेंडंट धरलं जात नाही. त्याच्या एनआयसीयूचं, लसींचं बिल एचएसएमधून काढू नका. वडील अमेरिकी नागरिक असतील आणि मुलालाही जन्माने ते नागरिकत्व मिळालं असेल, तर ही अडचण नाही. म्हणून हॉस्पिटलकडे आईचं आणि बाळाचं बिल वेगळं करून मागा. एकाच कागदावर दोघांचे आकडे मिसळले की नंतर सोडवणं अवघड होतं.

प्रश्न (अटलांटा): दोन मुलं झाली, आता नको. कुटुंबनियोजनाचे खर्च या खात्यांतून होतात का?

उत्तर: होतात, पण बायकांसाठीची बहुतेक साधनं बहुतेक विम्यांत फुकट मिळतात: तांबी, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या, स्त्रीची नसबंदी. आधी ते घ्या. चिठ्ठीशिवाय मिळणारी ओपिल ही गोळी आणि कंडोम दोन्ही खात्यांत चालतात. कंडोमबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये आयआरएसने स्पष्ट नोटीस काढली आहे. पुरुष नसबंदीला मात्र ही मोफत सवलत फेडरल कायद्यात नाही, आणि एचएसएच्या विम्यात तिचा खर्च आधी डिडक्टिबलमध्ये जातो. तुमचं डिडक्टिबल प्रसूतीमुळे यंदा भरलेलंच असेल, तर नवऱ्याची शस्त्रक्रिया ३१ डिसेंबरच्या आत उरकणं हा चांगला बेत. वेळ ऑक्टोबरातच घ्या, डिसेंबरात मिळत नाही.

प्रश्न (डॅलस): बाळंतपणाच्या रजेनंतर नोकरी सोडायची आहे. एफएसएचं काय होईल? आणि डे-केअरसाठी वेगळं एफएसए घ्यावं का?

उत्तर: नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत (काही कंपन्यांत महिनाअखेरपर्यंत) झालेलाच खर्च मिळतो. पण तोवर पूर्ण ३,४०० खर्च झाले असतील आणि पगारातून १,२०० च कापले गेले असतील, तर उरलेले कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. नियमच तसा आहे, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. बिनपगारी रजेत मात्र सावध राहा. पगार नाही म्हणून कपात थांबते, आणि काही कंपन्यांत कव्हरही थांबतं. त्या आठवड्यांतला खर्च मग मिळत नाही. रजेचा अर्ज देतानाच एफएसएचे हप्ते आधी भरणार, चेकने भरत राहणार की परतल्यावर भरणार, हे लिहून द्या.

डे-केअरचं एफएसए वेगळं असतं. २०२६ पासून त्याची मर्यादा ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. जन्मानंतर ३० दिवसांत ते घेता येतं. यात पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी मिळत नाही, जेवढी कापली गेली तेवढीच. दोघंही कमावते असायला हवेत, किंवा एकजण काम शोधत असावा वा पूर्णवेळ शिकत असावा. पत्नी एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) घरी असेल आणि तिला कामाचा परवाना नसेल, तर ती पूर्णवेळ शिकत असल्याखेरीज हे खातं घेऊ नका. तुम्ही रजेवर घरी असतानाची डे-केअरची फीही सहसा बसत नाही, जागा अडवून ठेवायला भरली असली तरी. फॉर्म २४४१ वर डे-केअरचा टॅक्स नंबर द्यावा लागतो, म्हणून प्रवेश घेतानाच तो मागून ठेवा. शेजारच्या मावशी रोख पैसे घेऊन बाळ सांभाळत असतील आणि नंबर द्यायला तयार नसतील, तर त्या खर्चासाठी या खात्यात पैसे अडकवू नका.